घरच्या स्टिरिओसाठी रेकॉर्ड प्लेअर आणि कार्ट्रिज कसं निवडावं? (जोडायला सोपं, तबकडीला सुरक्षित)



मागच्या महिन्यात पालकसभा संपल्यावर चौथीतल्या एका मुलीचे वडील थांबले. म्हणाले, "मॅडम, आमच्या म्हाताऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डी माळ्यावर निघाल्यात. पोरगी रोज विचारते, यातून गाणं कसं येतं म्हणून. कुठला प्लेअर घेऊ, तेवढं जरा सांगा ना."

मी त्यांना एवढंच म्हटलं, "दादा, दोन दिवस थांबा. आणि तोवर ऑनलाइन दिसेल तो प्लेअर मागवू नका." असं का म्हटलं, ते आधी सांगते, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे.

माझ्या हातून झालेलं नुकसान

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, नाट्यसंगीताचे मोठे शौकीन. त्यांच्या मागे पस्तीसेक रेकॉर्डी राहिल्या. त्यांचा जुना प्लेअर कधीच बंद पडला होता. पाच वर्षांपूर्वी वर्गात 'ध्वनी' हा घटक शिकवायचा होता, म्हणून मी एक छोटा, पेटीसारखा उघडणारा, आतच स्पीकर असलेला प्लेअर मागवला. दिसायला छान, किंमत कमी, वायर जोडायची भानगड नाही. मला वाटलं, यापेक्षा सोपं काय असणार?

मुलं खूश झाली. पण एका रेकॉर्डवर सुई सारखी उडी मारायची. कुणीतरी सांगितलं, "हातावर एक रुपयाचं नाणं चिकटवा, उडी बंद होते." मी चिकटवलं. उडी बंद झाली. ती रेकॉर्ड मग वर्गात, स्नेहसंमेलनात, घरी अशी कितीतरी वेळा वाजली.

काही महिन्यांनी आईने ती ऐकली आणि म्हणाली, "अगं, हे असं फाटल्यासारखं का येतंय?" स, श, च ही अक्षरं आली की आवाज खरखरत होता. तानांमधली चमक गेली होती. मग मी चांगल्या प्लेअरवर लावून पाहिली, तरी तसंच. बिघाड प्लेअरमध्ये नव्हता, खाच झिजली होती. झिजलेली खाच पुन्हा भरता येत नाही. ती रेकॉर्ड अण्णांनी पहिल्या पगारातून घेतलेली होती.

हा लेख त्यासाठीच लिहिते आहे. माळ्यावरच्या रेकॉर्डी एकदाच मिळतात. प्लेअर चुकला तर बदलता येतो, रेकॉर्ड नाही.

आधी समजून घेऊ : आवाज येतो कुठून?

मुलांना सांगतो तसंच सांगते.

रेकॉर्डवर बाहेरून आत जाणारी एकच लांबच लांब खाच असते. ती सरळ नसते, नागमोडी असते. गाणाऱ्याच्या आवाजाने हवेत जी कंपनं झाली, तीच या नागमोडीत कोरलेली असतात. जाड आवाजाची वळणं मोठी, बारीक आवाजाची वळणं अगदी इवली. सुई खाचेतून जाताना थरथरते. सुईच्या दांडीच्या दुसऱ्या टोकाला छोटा चुंबक असतो आणि त्याच्या जवळ तारेची वेटोळी. चुंबक हलला की तारेत अगदी कमी वीज तयार होते. ही वीज वाढवून स्पीकरला दिली की गाणं ऐकू येतं.

हे सगळं ज्या छोट्या डबीत घडतं तिला कार्ट्रिज म्हणतात आणि टोकाच्या सुईला स्टायलस. स्टिरिओ रेकॉर्डमध्ये खाचेच्या दोन भिंती असतात. एका भिंतीवर डाव्या स्पीकरचा आवाज, दुसरीवर उजव्याचा.

आता विचार करा. अख्ख्या प्लेअरमध्ये खाचेला स्पर्श करणारी वस्तू एकच, ती म्हणजे सुई. म्हणून प्लेअर बघायला जाल तेव्हा रंग, लाकडी पेटी, ब्लूटूथ हे सगळं नंतर. पहिला प्रश्न हा : सुई कोणती, आणि ती किती वजनाने टेकते?

चांगल्या चुंबकी कार्ट्रिजची सुई साधारण दीड ते तीन ग्रॅम वजनाने टेकते. आपलं एक रुपयाचं नाणं साधारण तीन ते पावणेचार ग्रॅमचं असतं. म्हणजे मी आधीच जड असलेल्या हातावर आणखी एवढं वजन ठेवलं होतं! स्वस्त पेटी प्लेअरमध्ये बहुतेक वेळा सिरॅमिक कार्ट्रिज असते आणि ती पाच ग्रॅमच्या आसपास वजनाने टेकते. सुईचं टोक केसापेक्षाही बारीक, त्यामुळे एवढ्याशा जागेवर हे वजन फार मोठं होतं.

याचा अर्थ वजन जितकं कमी तितकं चांगलं, असंही नाही. फार हलकी सुई खाचेत नीट बसत नाही, भिंतींवर आपटत जाते आणि तीही रेकॉर्ड खराब करते. कार्ट्रिज बनवणाऱ्याने जे वजन सांगितलं असेल, तेच ठेवायचं.

पायरी १ : आपल्याकडे कोणत्या रेकॉर्डी आहेत ते बघा

प्लेअर घेण्याआधी माळ्यावरचा गठ्ठा खाली काढा आणि मुलांना वर्गीकरण करायला लावा. छान उपक्रम होतो. मधल्या गोल कागदावर वेग लिहिलेला असतो.

- ७८ ची तबकडी : जड, कडक, पडली की काचेसारखी फुटते. ही लाखेची असते. एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं. आपल्या देशात कोलकात्यात सियालदहला १९०८ मध्ये रेकॉर्डचा कारखाना निघाला आणि ७८ च्या तबकड्या आपल्याकडे १९६० च्या दशकातही निघत होत्या. त्यामुळे जुन्या घरांत त्या अजून सापडतात.
- एलपी : बारा इंची, लवचीक, व्हायनलची. वेग मिनिटाला ३३⅓ फेरे. एका बाजूला वीसेक मिनिटं. ही १९४८ मध्ये अमेरिकेत आली.
- ४५ ची छोटी रेकॉर्ड : सात इंची. ही १९४९ मध्ये आली. एका बाजूला एक किंवा दोन गाणी.

हे वर्गीकरण का महत्त्वाचं? कारण ७८ ची खाच रुंद असते. तिला लागणाऱ्या सुईचं टोक एलपीच्या सुईच्या साधारण चौपट जाड असतं. एलपीची सुई ७८ वर लावली तर ती खाचेच्या तळाशी घसरत राहते, खरखर येते आणि सुईही खराब होते. उलट ७८ ची सुई एलपीवर लावली तर एलपीचं वाटोळं. एकच सुई दोन्हींना चालते असं कुणी सांगितलं, तर तिथून निघा.

तुमच्याकडे फक्त एलपी आणि ४५ असतील तर काम सोपं आहे. ७८ च्याही बऱ्याच असतील तर निवड वेगळी होते. ते पुढे सांगते.

पायरी २ : 'सोपा' म्हणजे नेमकं काय?

पेटी प्लेअर मला सोपा वाटला, कारण वायर जोडायची नव्हती. आता मी सोपेपणा वेगळ्या तऱ्हेने मोजते. ज्यात आपल्या हातून चूक व्हायला जागा कमी, तो सोपा. खालच्या गोष्टी तपासा.

१. कार्ट्रिज आधीच बसवलेली आहे का? सुटी कार्ट्रिज दोन बारीक स्क्रूंनी बसवायची, चार रंगांच्या केसासारख्या तारा (पांढरी, निळी, लाल, हिरवी) जागेवर लावायच्या आणि मग कोन जुळवायचा. जमतं, पण पहिल्यांदा घेणाऱ्याने यात पडू नये. कारखान्यातच बसवलेली घ्या.

२. सुईचं वजन आधीच ठरलेलं आहे का? काही प्लेअरमध्ये ते पक्कं असतं, काहींत मागचं वजन फिरवून लावावं लागतं.

३. फोनो प्रीअँप आत आहे का? कार्ट्रिजमधून येणारी वीज फक्त काही मिलिव्होल्ट असते. साध्या ऑक्सला ती पुरत नाही. शिवाय रेकॉर्ड कोरताना खर्ज मुद्दाम कमी आणि तार मुद्दाम जास्त केलेली असते, नाहीतर खर्जाची मोठी वळणं खाचेत मावलीच नसती. वाजवताना हे उलट करून मूळ आवाज परत आणावा लागतो. ही दोन्ही कामं प्रीअँप करतो. तुमच्या जुन्या अँप्लिफायरच्या मागे 'फोनो' लिहिलेली जागा असेल तर प्रीअँप तिथेच आहे. नसेल तर प्लेअरमध्ये असलेला घ्या.

४. बाजू संपल्यावर हात आपोआप उचलला जातो का? घरात मुलं किंवा वयस्कर माणसं असतील तर ही फार मोठी सोय आहे.

५. नवी सुई सुटी मिळते का? सुई झिजते. साध्या गोल टोकाच्या सुईला साधारण ५०० तास, लंबगोल टोकाच्या सुईला साधारण ३०० तास धरतात. ती ओढून काढता आणि नवी सरकवता आली पाहिजे. ज्या प्लेअरची सुई बाजारात मिळत नाही, तो घेऊ नका.

पायरी ३ : तीन प्रकारची घरं, तीन प्लेअर

बाजारात नावं पुष्कळ आहेत. मी तीनच उदाहरणं घेते, म्हणजे फरक कळेल.

(अ) "बटण दाबलं की वाजलं पाहिजे" : ऑडिओ-टेक्निका एटी-एलपी६०एक्स

हा पूर्ण स्वयंचलित आहे. बटण दाबलं की हात स्वतः उचलला जातो, रेकॉर्डवर जातो, टेकतो आणि बाजू संपली की परत येतो. वेग ३३⅓ आणि ४५. प्रीअँप आत आहे, मागे त्याचा स्विच आहे. कार्ट्रिज चुंबकी आहे आणि सुईचं वजन साधारण तीन ग्रॅमच्या आसपास पक्कं आहे. ते कमीजास्त करता येत नाही, आणि मुलांच्या घरात हाच त्याचा गुण! मर्यादा अशी की कार्ट्रिज बदलून वरच्या दर्जाची लावता येत नाही, फक्त सुई बदलता येते. ७८ वाजत नाहीत. या तिघांत हाच सगळ्यांत स्वस्त.

(आ) "आवाज चांगला हवा, पण खटपट नको" : रेगा प्लॅनर १

ही इंग्लंडची कंपनी. प्लेअर दिसायला अगदी साधा. कार्ट्रिज बसवलेलीच येते. हाताच्या मागचं वजन दांडीवर शेवटपर्यंत सरकवायचं, की सुईचं वजन बरोबर. आकडे जुळवायचे नाहीत. पण सगळं हाताने करायचं. सुई आपण ठेवायची, आपण उचलायची. बाजू संपली तरी तो थांबत नाही. वेग बदलायला ताट उचलून खालचा पट्टा सरकवावा लागतो. साध्या प्लॅनर १ मध्ये प्रीअँप नसतो, तेव्हा अँप्लिफायरला फोनो जागा हवी किंवा वेगळा प्रीअँप. ७८ यातही नाही.

(इ) "आमच्याकडे ७८ सुद्धा आहेत" : ऑडिओ-टेक्निका एटी-एलपी१२०एक्स-यूएसबी

यात ३३⅓, ४५ आणि ७८ हे तिन्ही वेग आहेत. पट्टा नाही, मोटर थेट ताट फिरवते. प्रीअँप आत आहे आणि स्विचने बंदही करता येतो. सोबत एटी-व्हीएम९५ई ही कार्ट्रिज येते. या व्हीएम९५ कुटुंबाची मोठी सोय म्हणजे कार्ट्रिजचं अंग एकच ठेवून पुढची सुई बदलता येते. साधी गोल, लंबगोल, आणखी बारीक, आणि ७८ साठी वेगळी जाड सुई, अशा सगळ्या एकाच अंगावर बसतात. यात वजन मात्र आपल्याला लावावं लागतं. व्हीएम९५ई साठी ते २ ग्रॅम. ७८ च्या सुईला यापेक्षा बरंच जास्त वजन लागतं, तेव्हा सुई बदलली की वजनही बदलायचं, आणि परत एलपी लावताना आठवणीने पुन्हा २ वर आणायचं. हे विसरलात तर माझ्या नाण्याचीच गोष्ट पुन्हा होईल! म्हणून हा प्लेअर अशा घरासाठी, जिथे एक मोठं माणूस ही जबाबदारी घेणार आहे.

कार्ट्रिजबद्दल दोन शब्द : पहिल्या खरेदीत 'मूव्हिंग मॅग्नेट' म्हणजे हलत्या चुंबकाची कार्ट्रिज घ्या. 'मूव्हिंग कॉइल' महाग असते, तिचा आवाज आणखी क्षीण म्हणून प्रीअँपही त्याला चालणारा लागतो, आणि बहुतेकांची सुई घरी बदलता येत नाही. व्हीएम९५ सारखीच डेन्मार्कच्या ऑर्टोफोनची २एम रेड बऱ्याच प्लेअरवर बसवून येते. तिची सुई काढून पुढे वरच्या दर्जाची २एम ब्लूची सुई सरकवता येते. आज साधी घ्या, उद्या वाटलं तर फक्त सुई बदला.

जुना प्लेअर दुरुस्त करायचा आहे? घरात फिएस्टासारखा जुना प्लेअर असेल तर आठवण म्हणून जरूर जपा. पण त्यावर चांगल्या एलपी लावण्याआधी सुई कुठल्या काळातली आहे ते बघा. पंचवीस-तीस वर्षं पडून असलेली सुई वापरू नका, आधी नवी घाला. १९८० च्या आसपासचे काही परदेशी प्लेअर मिळतात, ज्यांची कार्ट्रिज प्लगसारखी सरळ आत घुसते आणि एकाच स्क्रूने पक्की होते. त्याला टी४पी म्हणतात. त्यात वजन आणि कोन आधीच ठरलेले असतात, म्हणून जोडायला फार सोपे. चांगल्या अवस्थेत मिळाला तर नाही म्हणू नका.

पायरी ४ : जोडणी

कृती क्रमाने करा. घाई करू नका.

१. जागा : टेबल हलतं नको. प्लेअर आणि स्पीकर एकाच फळीवर ठेवू नका, स्पीकरची थरथर सुईला कळते. मोबाइलमधल्या पातळी दाखवणाऱ्या अ‍ॅपने किंवा गवंड्याच्या पाणसळीने ताट सपाट आहे का ते बघा. एका बाजूला उतार असेल तर पायाखाली जाड कागदाच्या घड्या घाला. ऊन येणारी खिडकी टाळा, उन्हात एलपी वाकते.

२. ताट आणि पट्टा : ताट मधल्या दांडीवर ठेवा. पट्ट्याचा प्लेअर असेल तर पट्टा मोटरच्या चाकावर अडकवा. एलपी६०एक्स मध्ये ताटाच्या भोकातून रिबन धरून पट्टा ओढायचा असतो. पट्टा पिळलेला नाही ना, ते बघा. मग फेल्टची चकती ठेवा.

३. वजन (जिथे लावायचं असेल तिथे) : आधी अँटीस्केटिंगचं बटण शून्यावर. सुईची टोपी काढा. मागचं वजन फिरवत फिरवत हात तराजूसारखा हवेत आडवा तरंगला पाहिजे, ना वर ना खाली. आता हात त्याच्या खुंटीवर अडकवा. मोठं वजन न हलवता फक्त पुढची आकड्यांची रिंग शून्यावर आणा. मग दोन्ही मिळून फिरवा आणि सांगितलेल्या आकड्यावर थांबा, व्हीएम९५ई साठी २. शेवटी अँटीस्केटिंगही त्याच आकड्यावर. एक छोटा डिजिटल सुईकाटा मिळतो, त्याने खात्री करता येते.

४. वायर : लाल उजवीकडची, पांढरी डावीकडची. अँप्लिफायरला फोनो जागा असेल तर तिथे जोडा आणि प्लेअरचा स्विच 'फोनो'वर ठेवा. नसेल तर ऑक्सला जोडा आणि स्विच 'लाइन'वर. या प्लेअरना स्वतःचा स्पीकर नसतो, तेव्हा घरातला स्टिरिओ, होम थिएटर किंवा वीज लागणारे स्पीकर हवेत. वेगळी बारीक अर्थिंगची तार आली असेल तर ती अँप्लिफायरच्या अर्थिंगच्या स्क्रूला लावा.

५. पहिली रेकॉर्ड : पहिल्यांदा सगळ्यात आवडती रेकॉर्ड लावू नका. आधीच ओरखडे असलेली, गेली तरी वाईट वाटणार नाही अशी लावा. सुई हाताने न सोडता दांडीच्या खटक्याने हळू खाली सोडा.

अडचण आली तर

- आवाज अगदी बारीक येतो : स्विच 'फोनो'वर आहे आणि वायर ऑक्सला. स्विच 'लाइन'वर करा.
- आवाज घुमतो, फाटतो : दोन प्रीअँप एकावर एक लागलेत. एक बंद करा.
- सतत 'हूं' असा आवाज : अर्थिंगची तार बघा.
- एकच स्पीकर वाजतो : वायरची टोकं काढून पुन्हा घट्ट लावा. मग कार्ट्रिजच्या तारा बघा.
- सुई उडी मारते : टेबल सपाट आहे का? सुईवर धूळ आहे का? वजन बरोबर आहे का? रेकॉर्ड वाकली आहे का? हे सगळं बघा. पण नाणं नाही. कधीच नाही.

रोजची सवय म्हणून एवढंच : लावण्याआधी मऊ कार्बन ब्रशने रेकॉर्ड पुसायची, सुई छोट्या ब्रशने मागून पुढे झटकायची, खाचेला बोट लावायचं नाही, आणि रेकॉर्डी पुस्तकासारख्या उभ्या ठेवायच्या. एकावर एक आडव्या रचल्या की खालच्या वाकतात.

वर्गात काय करता येईल?

उपक्रम १ : वेग बरोबर आहे का? रेकॉर्डच्या मधल्या कागदावर एक छोटी चिठ्ठी ठेवा. सुई टेकवून रेकॉर्ड चालू करा आणि मुलांना ३ मिनिटांत किती फेरे होतात ते मोजायला सांगा. ३३⅓ × ३ = १००. बरोबर शंभर आले तर प्लेअर ठीक! मिश्र अपूर्णांक जगात कुठे असतो, असं विचारणाऱ्या मुलांना याहून चांगलं उत्तर नाही. माझ्या वर्गात पहिल्यांदा ९८, ९९ आणि १०३ अशी उत्तरं आली होती. मग लक्षात आलं की प्लेअर नाही, मोजणारे चुकत होते. दोघादोघांच्या जोड्या करून मोजलं तेव्हा सगळ्यांचे शंभर आले.

उपक्रम २ : सुई किती चालते? एलपीच्या बाहेरच्या आणि आतल्या खाचेच्या मधलं अंतर घेतलं तर सरासरी त्रिज्या साधारण १०.३ सेंमी येते. तेवढं पुठ्ठ्याचं वर्तुळ कापा, त्याभोवती दोरा गुंडाळून मोजा. साधारण ६५ सेंमी येईल. वीस मिनिटांत फेरे किती? ३३⅓ × २० = ६६६⅔. म्हणजे सुई एका बाजूला ४३० मीटरच्या आसपास चालते. मुलांना शाळेच्या मैदानावर तेवढं अंतर चालायला लावा. मग एवढी लांब वाट एका तबकडीत कशी मावली, यावर आपोआप चर्चा सुरू होते.

उपक्रम ३ : कागदाचा भोंगा. कागदाचा शंकू करून टोकाला टाचणी लावायची आणि फिरत्या रेकॉर्डवर टेकवायची. विजेशिवाय गाणं ऐकू येतं. १८७७ साली एडिसनच्या फोनोग्राफमध्ये आणि दहा वर्षांनी बर्लिनरच्या चपट्या तबकडीत तत्त्व हेच होतं. उपक्रम सुंदर आहे, पण टाचणी खाच खरवडते. म्हणून तो फक्त बाद झालेल्या रेकॉर्डवर करा. मुलांनी घरून आणलेल्या आजोबांच्या रेकॉर्डवर करू नका, आणि मुलांना तसं आधीच सांगा, कारण ती घरी जाऊन करून पाहणारच.

खरेदीआधी स्वतःला विचारायचे प्रश्न

१. आमच्याकडे ७८ आहेत की फक्त एलपी आणि ४५?
२. रोज कोण लावणार? लहान मूल, आजी, की मी?
३. आमच्या स्टिरिओला फोनो जागा आहे का?
४. कार्ट्रिज चुंबकी आहे का? वजन किती ग्रॅम?
५. नवी सुई कुठे मिळेल?

या पाचांची उत्तरं मिळाली की दुकानदार काहीही म्हणो, तुमची फसगत होणार नाही.

त्या मुलीच्या वडिलांना मी हेच प्रश्न कागदावर लिहून दिले. त्यांच्याकडे सगळ्या एलपीच निघाल्या, आणि घरात लावणार कोण, तर मुलगी आणि तिची आजी. मग मी त्यांना (अ) सुचवला.

आमच्या घरीही आता तोच आहे. आईचा हात थोडा थरथरतो. अण्णा होते तेव्हा ती प्लेअरला हात लावायची नाही, "सुई मोडली तर तुझे वडील ओरडतील" म्हणायची. आता ती स्वतः रेकॉर्ड ठेवते, बटण दाबते आणि खुर्चीत जाऊन बसते. अण्णांच्या बाकी एलपी छान वाजतात. आजोबांच्या सात ७८ च्या तबकड्या मात्र कपाटात उभ्या ठेवल्या आहेत. त्यांच्यासाठी योग्य प्लेअर आणि योग्य सुई येईपर्यंत त्या तिथेच राहतील. पाच वर्षांपूर्वीची मी असते, तर एव्हाना लावून पाहिल्या असत्या.

आणि ती पहिल्या पगाराची रेकॉर्ड? ती मी वर्गात नेते. 'ध्वनी' शिकवताना मुलांना आधी चांगली रेकॉर्ड ऐकवते, मग ही. "यात काय वेगळं ऐकू आलं?" असं विचारते. मुलं अचूक सांगतात, "मॅडम, 'स' नीट येत नाही." मग मी त्यांना नाण्याची गोष्ट सांगते.